पोट जिचे, उत्तर तिचे

डॉ. भास्करराव आमच्या रत्नागिरीच्या दवाखान्यात सर्जन म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मी कंपाउंडर या नात्याने त्यांच्यापुढे हत्यारांची यादी धरली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारले, "पाणी उकळायला किती वेळ लागतो?" मला वाटले, साहेबांना चहा हवा. मी चहा मागवला. तो शांतपणे पिऊन त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

उत्तर होते, पाऊण तास. त्या आठवड्यातच शस्त्रक्रियेचे टेबल मागच्या खोलीतून दाराजवळच्या खोलीत आले आणि बंब दिवसभर तापता राहू लागला. खेड्यातून डोलीत घालून आणलेला रोगी व्हऱ्हांड्यात न टेकवता थेट आत नेण्याचा हुकूम निघाला. "मुंबईच्या मोठ्या इस्पितळात माणसे पुष्कळ. आपण थोडे, तेव्हा उशीर तरी आपला नसावा," असे ते म्हणत. त्यांच्या हाताच्या कौशल्याची कुणी तारीफ केली की चिडत. "हात कुणाचाही तयार होतो हो. दवाखाना तयार व्हायला हवा."

त्या दवाखान्यात तयार न झालेला मीच होतो. आमच्याकडचा कर्ता पुरुष मुंबईस, गिरणीत नाही तर बोटीवर. त्याला तारेने विचारल्याशिवाय त्याच्या बायकोच्या पोटाला सुरी लावायची नाही ही रीत, आणि संमतीचे कागद माझ्या ताब्यात. एकदा आतड्याला पीळ पडलेली एक बाई आली. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब टेबलावर घ्या. तिचा सासरा आडवा आला, "मुंबयला तार करूया. तो काय बोलतो ता बगू." मीही रुबाबात म्हणालो, नियमच आहे. डॉक्टर नवे होते, त्यांनी माझे ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली, डॉक्टर म्हणतील तसे करा. बाई सकाळीच गेली होती.

मी तोंड लपवत होतो. डॉक्टरांनी मला बोलावले आणि एवढेच म्हणाले, "तिला आपण ताटकळत ठेवलं." 'तुम्ही' म्हणाले नाहीत, 'आपण' म्हणाले. त्या एका शब्दाचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे ते खाटेशी बसून रोगी बाईलाच विचारू लागले, "बाई, पोट कुणाचं?" कळा सोसतानाही बायकांना हसू येई. "माजाच की," असे उत्तर आले की म्हणत, "मग काय करायचं तेही तुम्हीच सांगा." नातेवाईक रागावले, दवाखान्याच्या कमिटीकडे तक्रारी गेल्या. डॉक्टर कमिटीपुढे जाऊन उभे राहिले, पण रीत बदलली नाही. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी बायका आपल्या पायांनी चालत घरी गेल्या.

आणि एके दिवशी माझीच बायको अपेंडिक्स सुजून त्या खाटेवर आली. इतक्या वर्षांचा अनुभवी मी! माझ्या तोंडून काय निघावे? "डॉक्टर, राजापुराहून माझे वडील येईपर्यंत थांबू या का?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. ते तिच्याकडे वळले. त्यांनी प्रश्न विचारण्याआधीच ती म्हणाली, "करा हो तुम्ही. यांना जरा बाहेर बसवा." मी बाहेर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. तासाभराने डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती वाचली होती.

डॉक्टर साठ वर्षांचे झाले. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे लिहून मी हा लेख संपवला आणि बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नुसतं मागून काय होतंय? आठ दिवस डॉक्टर कूस दाबून चालतायत, मी पाहिलंय. उद्या तपासून घ्या म्हणावं. आणि नाही म्हणाले, तर मी येते विचारायला."