कल्याणच्या खाणावळीतली दोन घड्याळं

आमच्या घरात घड्याळाला किल्ली द्यायचा मान माझ्या बायकोचा. चार मुलांचा बाप असूनही मला त्या घड्याळाला हात लावायची परवानगी नाही. मुलं कारण विचारतात आणि दर वेळी मला कल्याणच्या खाणावळीची गोष्ट सांगावी लागते. आता लिहूनच ठेवतो. तोंडी सांगताना मी स्वतःला थोडा शहाणा करून घेतो, ते तरी बंद होईल.

स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर ते कौलारू घर होतं. पुढे लांबलचक ओटी, मागे स्वयंपाकघर. खाडीपलीकडच्या गावांतून गाडीसाठी येणारे लोक आदल्या दिवशी तिथे मुक्कामाला उतरत. घर चालवणाऱ्या विधवा बाईंना सगळे काकू म्हणत. काकू मात्र कुणाचं नाव विचारत नसत. माणूस ज्या गाडीने जायचा, तेच त्याचं नाव.

"अहो नाशिकची गाडी, पाट जरा पुढे घ्या."

"पुण्याच्या गाडीला ताक हवंय का बघ गं."

पंगतही तशीच. ज्याची गाडी आधी, तो दाराजवळ.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, नुकताच मॅट्रिक झालेला. ठाण्याच्या कचेरीत कारकुनाची एक जागा होती आणि साहेबाने अकराच्या ठोक्याला बोलावलं होतं. वडिलांची नजर अधू झाल्याने त्यांची नोकरी सुटली होती. घरातल्या सात माणसांचा सगळा भार त्या एका जागेवर होता. काकूंच्या लेखी मी "ठाण्याची गाडी" झालो.

सकाळी तोंड धुऊन ओटीवर आलो तर भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं. डाव्यात साडेसहा, उजव्यात सात. मला गंमत वाटली. दोन घड्याळं ठेवायची हौस, पण त्यांची वेळ जुळवायची अक्कल नाही! बाहेर सूर्य आत्ता कुठे वर येत होता. एवढ्यात सात वाजणं शक्यच नव्हतं. शाळेत भूगोलात पहिला येणारा मुलगा गप्प कसा बसेल? पाटावर चढलो, उजव्याचे काटे अर्धा तास मागे घेतले आणि काकूंवर मोठे उपकार केल्यासारखा खाली उतरलो.

माझी गाडी आठची. दोन्ही घड्याळांत साडेसात झाले तेव्हा मी निवांत तांदळाची भाकरी मोडत होतो. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

"काकू, ही कुठली हो गाडी?"

"अरे, तुझीच की!" काकू हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आल्या. "अजून बसलायस कसा?"

मी उष्ट्या हाताने धावलो. शेवटचा डबा तेवढा दिसला. परत आलो तेव्हा काकू घड्याळांखाली उभ्या होत्या.

"लांब काटे एकाच बाजूला कसे?" त्या म्हणाल्या. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. पण दोन घड्याळांतले लांब काटे कायम भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून असतात, एवढं त्यांना पाठ होतं. "हात कुणी लावला?"

मी पाटाकडे पाहिलं. पाटावर माझ्या ओल्या पावलांचे ठसे अजून दिसत होते.

नाशिकच्या गाडीवाले गृहस्थ पोट धरून हसले. "अहो मॅट्रिक! रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालते. आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. डावं गावाचं, उजवं गाडीचं."

पुढची गाडी सव्वादहाची होती. ती ठाण्याला पोचणार अकराला, आणि तिथून कचेरीपर्यंत चालत पाव तास. संपलं! वडिलांना काय सांगायचं, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मेलो, असंच काहीतरी बडबडलो असेन.

"अकराला पोचते ती कुठल्या घड्याळात?" काकूंनी विचारलं.

"गाडीच्या."

"आणि साहेबाचे टोले कुठल्या घड्याळाचे? ठाण्याला तारखेला जाणारे निम्मे लोक माझ्याकडे जेवून जातात. कचेरी गावाच्या वेळेवर चालते. तू पोचशील तेव्हा तिथे साडेदहा झालेले असतील. रडतोस कशाला? भाकरी संपव."

भूगोलात पहिला येणाऱ्या मुलाने मुकाट्याने भाकरी संपवली.

कचेरीच्या पायऱ्या चढलो तेव्हा अकराला पंधरा मिनिटं कमी होती. आठची गाडी गाठलेले तीन उमेदवार माझ्या आधीपासून व्हरांड्यात घाम पुसत बसले होते. साहेबाने प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि जागा मला मिळाली. पोट भरलेलं होतं म्हणून अक्षर स्थिर आलं असावं. दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

पुढे लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मुद्दाम तिथे उतरलो. ओटीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज आला, "या, चुकलेली गाडी!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढण्यात बराच वेळ घालवला. तोवर काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं होतं, ओल्या पावलांसकट. ती बाहेर आली ती थेट भिंतीपाशी गेली, दोन्ही लांब काट्यांच्या पाठी नीट बघून आली आणि मला म्हणाली, "आपल्याकडे घड्याळ घेतलंत, तर त्याची किल्ली माझ्याजवळ राहील."