वाढत्या अंगाची रायफल

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःसाठी एक माप मोठी रायफल घेतली.

(चप्पल नव्हे. रायफल.)

माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन बावन्न किलो, तेही जेवल्यानंतरचं. नोकरी जर्मनीत, नेकारसुल्मला, मोटारींच्या कारखान्यात. आणि सासर पिढीजात शिकाऱ्यांचं. दहा वर्षं सासरेबुवांनी जावयाला जंगलात नेलं, पण हाकाऱ्या म्हणून! मी काठी आपटत, "होऽऽ होऽऽ" ओरडत झुडपांतून जायचं आणि माझी बायको बिर्गिट बंदूक घेऊन ऐटीत मचाणावर. शेवटी हट्टाने मी शिकारीच्या परवान्याची परीक्षा दिली. (दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेबद्दल इथे लिहायचं कारण नाही.)

"गुट, ठीक आहे," सासरेबुवा म्हणाले. "शंभर मीटरवरून तीन गोळ्या एका तळहाताखाली झाकता आल्या, तर शनिवारी मचाणावर तू. नाहीतर काठी आहेच."

"माझी जुनी रायफल घे ना," बिर्गिट म्हणाली. "मी सोळा वर्षांची असताना पपांनी दिलेली. दस्ता आखूड, धक्काही कमी. तुला अगदी बसेल."

त्या दस्त्यावर घोड्याचं स्टिकर होतं. गुलाबी घोडा!

मी थेट दुकान गाठलं.

दुकानातल्या बाईंनी माझं कोपर काटकोनात वाकवलं, एका मोठ्या रायफलीच्या दस्त्याचं टोक त्यात टेकवलं आणि चापावर बोट ठेवायला सांगितलं. बोट चापापर्यंत पोचेना.

"आल्झो, तर मग तुम्हाला ही आखूड दस्त्याची बरी," त्या म्हणाल्या. "आणि काडतूसही हलकं घ्या. हरीण मारायचंय ना? रणगाडा नाही."

(इथलं हरीण आपल्या भेकराहून फार मोठं नसतं. पण मला हे त्या क्षणी कोण सांगणार?)

"ही बायकांची का?"

"लहान चणीच्या माणसांची."

"मग ती मोठी द्या. मॅग्नम, दणदणीत काडतुसाची."

आता यात माझा काय दोष? आईने मला जन्मभर सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. दुसरीतला शर्ट पाचवीपर्यंत पुरायचा. मोठं घेतलं की वाया जात नाही, हे माझ्या रक्तातच आहे!

"वर जाड जॅकेट घातलं की बसेल बरोबर," मी बाईंना समजावलं.

"जॅकेटने बोट आणखीच मागे जाईल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बिल करायला घेतलं.

रविवारी आम्ही तिघे शूटिंग रेंजवर. बिर्गिटने एकदा रायफलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली. (नवऱ्याला 'अहो' म्हणायचं, हे तिला माझ्या आईने शिकवलंय. मी तोंडघशी पडणार हे दिसलं की मगच ती ते वापरते.) "अहो, नको."

मी ऐकलं नाही. दस्ता खांद्याला लावला, तर दुर्बिणीतून नुसता अंधार आणि मध्ये मसूरडाळीएवढा उजेड. म्हणून कासवासारखी मान पुढे काढली, डोळा दुर्बिणीला भिडवला आणि चाप दाबला.

धडाम!

दुर्बीण माझ्या भुवईवर आदळली. माझं लक्ष्य कोरं करकरीत. शेजारी सत्तरीच्या एक आजी अजून चष्मा पुसत बसल्या होत्या. त्यांच्या लक्ष्याच्या मात्र बरोब्बर मधोमध भोक!

"दांके, आभारी आहे हं," आजी म्हणाल्या.

सासरेबुवांनी माझ्या भुवईला पट्टी लावली. "आता भरून मी देतो," म्हणाले. मी श्वास रोखला, चाप दाबला.

टिक.

एवढंच. नुसतं टिक! पण तोवर मी डोळे मिटून "आई गं!" म्हणून किंचाळलो होतो आणि स्टुलासकट मागे सरकलो होतो.

"मी गोळी घातलीच नव्हती," सासरेबुवा शांतपणे म्हणाले. "ती सुटायच्या आधी तू पळतोस. गेनाऊ, नेमकं हेच बघायचं होतं."

शेजारच्या आजी हसल्या नाहीत. त्यांना कीव आली. ते जास्त लागलं.

बिर्गिट गाडीकडे गेली आणि गुलाबी घोडा घेऊन आली. दस्ता खांद्यावर असा बसला, जणू माझ्याच मापाने शिवलेला. दुर्बिणीत लख्ख उजेड. धक्का म्हणाल तर पाठीवर शाबासकी दिल्यासारखा. तीन गोळ्या झाडल्या. सासरेबुवांनी कागद आणला, त्यावर स्वतःचा पंजा ठेवला, मग विचार करून उचलला.

"माझा फार मोठा आहे. तुझा ठेव."

ठेवला. तिन्ही भोकं झाकली गेली!

"शनिवारी पाच वाजता," ते म्हणाले. "मचाणावर. काठी घरी ठेव."

आणि मॅग्नम? बिर्गिटने सहज खांद्याला लावली. ती पाच फूट अकरा इंच. टेलरने मापं घेऊन बेतावी तशी बसली! "वाढदिवसाची भेट आवडली हं," म्हणत तिने पेटीत ठेवलीसुद्धा.

संध्याकाळी स्काइपवर आईला भुवई दिसली. सगळं सांगावंच लागलं. शेवटी म्हणालो, "आई, तूच नाही का सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचीस?"

"अरे, ते नववीपर्यंत," आई म्हणाली. "त्यानंतर मी सगळं मापाचंच घेतलं. तुझी वाढ थांबलीय हे शिंप्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तुला सांगायचं तेवढं राहिलं!"