हिरव्या बाईची हाक

"ओ! इथीच आहो वं माय, इथीच आहो!"

कुरखेड्याच्या बसथांब्यावर एक अनोळखी बाई माझ्या चित्राकडे पाहून अशी ओरडली, की रवंथ करणाऱ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या आणि उभी एसटी, शपथ सांगतो, हातभर मागे सरकली.

चित्रात मी काढलेली बाई होती. तोंड हिरवंगार, डोळे वाकडे, जबडा आ वासलेला. ते नागपूरच्या प्रदर्शनात लावायचं होतं आणि नावाशिवाय तिथे कोणी घेणार नव्हतं. पण ती रडते आहे की संतापली आहे, हे मलाच कळत नव्हतं, तर नाव काय डोंबल देणार!

ओरडून झाल्यावर त्या बाईने डोक्यावरची मोहफुलांची टोपली एका हाताने सावरली, दुसरा कानामागे धरला आणि मान तिरपी करून चित्राच्या उत्तराची वाट पाहिली. जंगलात मोह वेचताना बाया अशाच हाका मारतात. ओ आली नाही, तर वाघाची शंका घ्यायची.

मी काकुळतीने विचारलं, "बाई, हे रडून राह्यली, का चिडली?"

"मले काय माईत, भाऊ? हाक मारून राह्यली, म्या ओ देल्ली."