पायाखालचा कापूस

ढग काही केल्या हलेनात. माझा मायक्रोस्कोप आरशावर चालायचा. खिडकीतून ऊन आलं तरच स्लाइड, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब, नीट दिसायची. आणि बाहेर पेशंटचे यजमान श्रीपतराव गाठोडं बांधून आपल्या गावच्या, उंद्रीच्या एसटीची वाट बघत बसलेले.

"घेऊन जातो मी इले घरी," ते म्हणाले. "आयर्नच्या गोळ्या खाऊन खाऊन थकली. जे व्हायचं ते घरी होईन."

त्यांच्या पत्नी पार्बताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पिवळट, जीभ लालभडक, गुळगुळीत. "मले सपनात असल्यावानी वाटते, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "कापसावर चालून राह्यली जशी. पाय हायेत का नाही, तेच समजत नाही."

"जनम कापूस वेचण्यात गेला तिचा, म्हणून तसं वाटते," श्रीपतराव म्हणाले. गावातही सगळे हेच म्हणायचे म्हणे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी चिखलीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. डोकं तापट. "थांबा हो जरा!" मी ओरडलोच. "ऊन काय माझ्या खिशात आहे?"

मग हळूच टेबलावर ऊन उतरलं. मी आरसा फिरवला आणि खाली गुलाबी उजेड पसरला. आयर्न कमी असलं की लाल पेशी लहान, फिकट दिसतात. पार्बताबाईंच्या तर मोठ्या, लांबट, भरदार. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात. इथे सहा, सात. मी बघतच राहिलो. रोग इतका देखणा असू नये हो!

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ भिंगावरून डोळा हटवला नाही. "बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी आहे," ते म्हणाले. "बाई, दूध, मटण खाता का?"

"हाव. घरचंच दूध हाये. मटणही खातो."

"मग खाण्यात खोट नाही. पोटाचं अस्तर झिजलं असणार. ते एक रस तयार करतं. तो नसला की हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. रक्त बिघडतं, पाय बधिर होतात."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. श्रीपतराव उठले.

"गेलात तर ही जगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "थांबलात तर इंजेक्शनं देऊन चालती करतो."

"रोग पोटात, अन् दिसला रक्तात?"

"हो."

ते खाली बसले आणि गाठोडं सोडू लागले.

दुसऱ्या दिवशी नळी घालून पोटातलं पाणी काढलं. त्यात आम्ल नव्हतंच; तेही हेच अस्तर बनवतं. शंका मिटली, इंजेक्शनं सुरू झाली. अस्तर काही परत आलं नाही. सुई जन्माची लागली.

पुढे एका बाजारच्या दिवशी पार्बताबाई वहाणा हातात घेऊन लॅबच्या दारात उभ्या. "भाऊ, तुमच्या अंगणातले खडे लय टोचतेत!"

"मग वहाणा घाला ना, बाई."

"घालीन उद्यापासून. आज टोचू द्या."

तक्रार करायला लागला की पेशंट बरा झाला समजावं, हे मी त्या दिवशी शिकलो.