माझ्या नावापुढचा अंगठा

"तुमचं मतदान झालंय," म्हणत टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं माझं ओळखपत्र परत केलं.

मी मशीनपर्यंत गेलेच नव्हते. बोटाला शाई नव्हती. पहिलं मत द्यायला कॉलेज बुडवून उमरग्याहून एसटीनं गावी आले होते.

उमेदवारांच्या एजंटांच्या बाकावर धाकटे मालक होते. माझे वडील त्यांच्याकडं सालगडी. मालक यादीतून मान वर न काढता म्हणाले, "हिचं सकाळीच उरकलं, साहेब. लाजाळू हाय पोरगी. कशाला तरास तिला?"

बाक हसला.

दारात आबा, माझे वडील, उभे होते. त्यांनी नजरेनंच सांगितलं, चल घरी.

लाजाळू आहे, खरंय. धाकट्या मालकांची बहीण आणि मी एकाच इंग्रजी शाळेत होतो. मला राखीव जागेवर प्रवेश मिळालेला. सकाळी बसपर्यंत आबा तिचं दप्तर खांद्यावर घेऊन चालायचे. माझं मी घ्यायचे. दहा वर्षं त्या दोघांच्या मागून चालले आणि एक शब्द बोलले नाही.

अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटते, म्हणून कुठंही जायच्या आधी मी सगळं वाचून जाते. मतदानाचे नियमही वाचले होते.

"सही दाखवा," मी म्हणाले.

कर्मचाऱ्यानं केंद्राध्यक्षांकडं बघितलं. मग नोंदवही फिरवली.

माझ्या अनुक्रमांकापुढं अंगठा होता. निळा, पसरट, घाईत दाबलेला.

सालगड्याची पोरगी, म्हणजे अंगठा. कुणाचाही. माझं नाव चोरलं ते एक. पण चोरताना माझ्या नावाची खोटी सही करण्याएवढीही त्यांना माझी भीती वाटली नाही. तिथंच माझं अहोजाहो संपलं.

मी प्रदत्त मतपत्रिका मागितली. आपल्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर ही कागदी मतपत्रिका मिळते. केंद्राध्यक्ष म्हणाले, रांग खोळंबलीय, कशाला आता.

धाकटा मालक आबांकडं वळला. आबा त्याच्या बापाच्या वयाचे.

"ए, ने हिला. उद्या कामाला यायचंय न्हवं तुला?"

आबा दारातून हलले नाहीत.

"मतपत्रिका द्या," मी म्हणाले. "न्हायतर देत नाही असं लिहून द्या."

केंद्राध्यक्षांनी दिली. मी नोंदीच्या कागदावर पूर्ण नाव लिहून सही केली. शिक्का मारला. लिफाफा बंद झाला.

ते मत कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजतच नाहीत. अंगठ्याचं मोजतात. हेही मी वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांना शेतावर येऊ नको म्हणून निरोप आला. आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मी माफी मागितली नाही.

आता मी आमच्या गावाची मतदार यादी पाठ करतेय. मालकांचा मेलेला चुलता अजून यादीत आहे. पुण्याला राहणाऱ्या दोन सुना आहेत, ज्या मतदानाला कधी गावात दिसत नाहीत. पुढच्या मतदानाला मी त्याच बाकावर एजंट म्हणून बसणार. त्यांच्या उमेदवाराविरुद्ध कुणीही उभं राहो, त्याची. त्यांच्या घरातलं एकही खोटं मत पडू देणार नाही. आणि धाकटा मालक मत द्यायला समोर आला की एजंटच्या हक्कानं हात वर करून आक्षेप घेणार. मला तो जन्मापासून माहीत आहे. तरी सगळ्या गावासमोर त्याला सिद्ध करायला लावणार की तो कोण आहे.