विषय : मोरी राखण्याबाबत

मोरी म्हणजे काय, हे सरकारने मला पत्राने कळवलं. तोवर चौतीस वर्षं मी मोरी विकत होते.

आमच्या मालवणी किनाऱ्यावर मोरी म्हणजे हातभर लांबीची बारकी मुशी, शार्कच्या जातीतली. खोबऱ्याचं वाटप लावून सुकी केली की मटण बाजूला ठेवतात लोक. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तर ती हवीच. घाटावर मात्र मोरी म्हणजे भांडी घासायची, सांडपाण्याची जागा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सरकारला अर्ज लिहिताना मी रागात होते, आणि रागात मला माझंच खरं वाटतं.

मी डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. नवऱ्याने किंवा सासऱ्याने मला काही उभं करून दिलं नाही. लिलावात पुरुषांच्या घोळक्यात शिरून बोली लावायला मी स्वतः शिकले, आणि माझं नाव झालं ते मोरीवर. पोटुशी मोरी नुसत्या हाताने ओळखणारी बाजारात मीच. पोटातली पिल्लं कवळी म्हणून गिऱ्हाईक जादा भाव द्यायचं आणि मी तो घ्यायची. हे मी लपवत नाही. मोरी कमी होत गेली त्यात माझी विळीही आहे.

थंडी सरता सरता पोटुशा मोऱ्या पिल्लं टाकायला खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात येतात. पूर्वी तोंडवलीच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढून घेतात त्या जाळ्यात, त्या दिवसांत मोरीचा ढीग पडायचा. मग मोठ्या बोटी दिवे लावून खाडीच्या तोंडापर्यंत यायला लागल्या. ढिगाची पाटी झाली. पाटीची, एखाद्या दिवशी, एक मोरी.

त्याच सुमारास तालुक्याला सभा लागली. रानातल्या आणि पाण्यातल्या जीवांना वाचवणारा कायदा सुधारायचा होता, त्याची यादी नव्याने होणार होती. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. देवमाशाएवढ्या मुशी, करवतीसारख्या तोंडाचे मासे. त्यातले निम्मे मी जन्मात पाहिले नव्हते.

मी उभी राहिले. कचेरीतली मराठी मला चांगली येते. म्हटलं, "साहेब, जे संपलेत त्यांना वाचवून काय मिळणार? जी संपत आलीय ती घ्या यादीत. आणि नुसता मासा नको, जागा घ्या. खाडीच्या तोंडाला दोन महिने कुणीच जाळं टाकायचं नाही. आम्हीही नाही, मोठ्या बोटींनीही नाही."

साहेब तरुण होते, ऐकणारे होते. म्हणाले, "ताई, हे मुद्द्याचं आहे. मुदतीच्या आत लेखी द्या."

मी थेट तोंडवलीला गेले. रापणीचा तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचा म्होरक्या, दोर वळत बसला होता. त्याला म्हटलं, कायदा येतोय, पण सरकारला दाखवायला आपण आधी काहीतरी करू. या वर्षी पोटुशी मोरी मिळाली तर परत पाण्यात.

त्याने मान वर केली नाही. "बाय, तू सौदो करतंस की पुण्य?"

"सौदो. आज सोडलंस तर उद्या तुझ्या पोराक गावतली."

"आणि आम्ही सोडूचा नि भायरच्या बोटींनी मारूचा? कायदो सगळ्यांका लागतलो मां?"

"सगळ्यांका. माझो शब्द आसा."

बाजारात माझ्या शब्दावर मासे उधार मिळतात. तांडेलाने तोच शब्द घेतला. त्या वर्षी त्या माणसांनी भर उन्हात दोर ओढून आलेल्या मोऱ्या हाताने चाचपून पाण्यात सोडल्या. एकदा सोडलेली मोरी पोटावर पांढरी पडून लाटेबरोबर परत आली, तेव्हा तांडेल गुडघाभर पाण्यात जाऊन तिला शेपटीला धरून पुढे ढकलत राहिला. मी वाळूत उभी राहून बघत होते. ती गेली.

अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. शेजारच्या निवृत्त मास्तरांना वाचायला दिला. ते म्हणाले, "मुशी लिव गो. वरच्यांका मोरी कळाची नाय."

"कळाची नाय तर शिकांदेत," मी म्हटलं. "मुशी म्हटला की सगळ्याच इल्या. माका मोरीच होयी."

मास्तरांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. वर ठसठशीत लिहिलेलं होतं : विषय, खाडीच्या तोंडाशी मोरी राखण्याबाबत. खाली दोन पानं मोरीची सगळी हकिगत होती. ती कुणी वाचली नाहीत.

उत्तर आलं ते मुदत संपल्यावर. 'आपला खाडीलगतच्या सांडपाण्याच्या मोरीसंदर्भातील अर्ज पुढील कार्यवाहीसाठी ग्रामपंचायतीकडे वर्ग करण्यात आला आहे.'

मी पाटीतली एक मोरी कागदात गुंडाळली आणि कचेरीत नेऊन टेबलावर आपटली. "ही मोरी! हिच्यात भांडी घासा आता!" कारकून खुर्चीसकट मागे सरकला. ऐकणारे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं की यादी प्रसिद्ध झालीय, आता बदल होत नाही.

"मग कधी होतो?"

"पुढे कायदा पुन्हा सुधारतील तेव्हा. तेव्हा सूचना द्या."

"तोवर मोरी थांबेल का?"

साहेबांनी शिपायाला खूण केली. शिपायाने मोरी कागदासकट माझ्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी ग्रामसेवक टेप घेऊन दारात आले. "बाई, मोरी कुठे आहे?" त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी त्यांनी माप घेतलं. पावसाच्या आधी माझ्या मागील दारी सिमेंटचा पाइप बसला. चाळीस वर्षं अर्ज करून लोकांना गटार मिळत नाही, मला न मागता मिळालं. बाजारात अजून कुणी ना कुणी विचारतं, "काय गो, मोरी तुंबली काय तुझी?" मी शिव्या देते. लोकांना शिव्याच हव्या असतात.

तांडेल मात्र हसला नाही. मी त्याला पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे कायदो भायरच्यांका लागूचो नाय?"

"नाय."

पुढल्या वर्षी थंडी सरताना मी पुन्हा तोंडवलीला गेले. आदल्या आठवड्यात दिव्यांच्या बोटी खाडीच्या तोंडाशी तीन दिवस होत्या. रापण ओढून झाली तेव्हा जाळ्यात बांगडे होते, कचरा होता आणि एक मोरी. तांडेलाने ती उचलून माझ्यापुढे धरली. पोट मी लांबूनच ओळखलं.

"बाय, सोडूया काय?"

दोराला हात लावलेले सगळे माझ्याकडे बघत होते. एवढी वर्षं बोली लावली, माझं तोंड कधी अडलं नव्हतं. सोडा म्हणायला माझ्याजवळ आता काय होतं? मग त्याने ती वाळूवर ठेवली आणि लिलाव पुकारला. पहिली बोली दुसऱ्या व्यापाऱ्याची होती. माझ्यापुढून मोरी कुणी नेलेली मला आजवर सोसलेली नाही. मी त्याच्यावर बोली चढवली आणि घेतली. तोवर ती हलायची थांबली होती.

बाजारात पाटी उतरवते तोच एक बाई आली. "गो वैनी, लेक बाळंत झाली. मोरी आसा काय?"

"आसा."

तिने वाकून पोट दाबून पाहिलं. "पिल्लां पण दी. कवळी आसतत."

मी विळी पुढे ओढली.