बेइराची माणसं, टॅम्पिनीसची बाथरूम

चार मराठी माणसं एका कॅमेऱ्याभोवती जमली की भांडणं होतात, आणि भांडणं जुनी झाली की त्यांचे किस्से होतात. नव्वदच्या दशकात सिंगापुरात आमच्या फोटोवेड्या कंपूने असे ढीगभर जमवले. आठवले की हसू येतं, पण पुरतं येत नाही.

फोटो सगळे साळवींचे. ते मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर. जहाज मोझांबिकच्या बेइरा बंदरात सिमेंट घेऊन जायचं. तिथली यादवी नुकती संपली होती, लोक पडलेली घरं पुन्हा उभारत होते. साळवी ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपत आणि प्रिंट आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, बाथरूममध्ये काळोख करून निघत.

एका रविवारी माझी लेक आत गेली ती सिंगापुरी इंग्रजीत किंचाळतच बाहेर आली. "आई, देअर आर पीपल इन द बकेट, लाह!"

प्रिंट धुवायला टाकले होते. पाण्याखालून सगळे वर बघत होते. पोरगी त्या बादलीने आंघोळ करेना.

*

साळवींना हवी होती कला! भिंत रचणारे हात, घाम, चुना. पण कॅमेरा दिसला की गवंडी थापी टाकून घरी पळत आणि धुतलेला शर्ट घालून अर्ध्या भिंतीपुढे ताठ उभे राहत.

"अहो, काम करताना हवेत!" साळवी वैतागत.

मग कळलं, युद्धात घरं जळाली त्यात लोकांचे फोटोही गेले. तेव्हापासून साळवी प्रत्येकाला पुढच्या खेपेला प्रिंट आणून द्यायचं वचन देऊ लागले. त्या वचनापायी त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

*

आमचे जोगळेकर पुण्याचे, कॉम्प्युटरवाले, भयंकर टापटिपीचे. आमच्या कंपूच्या प्रदर्शनासाठी एका पत्र्याच्या घरातला फोटो निवडला, तर त्यात पांढरे ठिपकेच ठिपके. जोगळेकरांनी बारीक ब्रशने एकेक ठिपका काळा केला.

"वहिनी, बघा! सगळी धूळ काढली."

साळवींनी फोटो उजेडात धरला. "धूळ नव्हती ती. पत्र्याला गोळ्यांची भोकं होती, त्यातून ऊन येत होतं." मग म्हणाले, "असो. एका घराची तरी दुरुस्ती झाली!"



*

प्रदर्शनाला एक मॅनेजर आले होते. त्यांच्या नव्या काँडोच्या, म्हणजे आलिशान फ्लॅटच्या, हॉलसाठी फोटो हवा होता.

"पडकी भिंत क्लासच आहे हो! पण माणसं जरा कमी असलेला मिळेल का?"

माझा संताप संताप झाला. साळवी नुसतेच म्हणाले, "माणसं तिथेही कमीच उरलीत."

*

शेवटचा किस्सा साळवींनी एकदाच सांगितला.

एक बाई दोन मुलांना घेऊन नव्या दारापुढे उभी राहिली. साळवींनी खुणेने मध्ये यायला सांगितलं, पण ती ऐकेना. मुलांना एका बाजूला घेऊन दुसऱ्या बाजूला तिने माणूसभर जागा मोकळी ठेवली. साळवींना वाटलं, लाजते आहे.

प्रिंट काढताना जोगळेकर करवादले. "काय हे कॉम्पोझिशन! इकडे सगळं रिकामं." आणि त्यांनी तेवढी बाजू कापून टाकली. फोटो देखणा झाला, साळवीही खूश होते.

पुढच्या खेपेला बाई भेटली. तिने हात पुसून फोटो घेतला. मुलं पाहिली, स्वतःला पाहिलं. मग फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं, उलटा करून मागे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

साळवींनी बरोबरच्या दुभाष्याकडे बघितलं. तो म्हणाला,

"ती विचारते आहे, तिच्या नवऱ्याला फोटोतून का काढलंत?"